द्राक्षं, बेदाणे, वाइन आणि रक्तातली साखर : वाचकांचे प्रश्न

जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षांचा हंगाम. हातगाड्या भरल्या की मधुमेह असलेल्या घरांत दरवर्षी तोच वाद होतो: एक जण म्हणतो विष आहे, दुसरा म्हणतो फळच तर आहे. या महिन्यातली निम्मी पत्रं त्यावरच आहेत आणि त्यातली बरीच वाइनवर. म्हणून हे सदर पूर्ण द्राक्षालाच दिलं आहे. खालच्या उत्तरांत औषधांची नावं आहेत. डोस कमी-जास्त करायचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा.

प्रश्न : वय ५८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४. घरच्यांनी द्राक्षं साफ बंद केली आहेत. शेजारी सांगतात, काळ्या द्राक्षांत साखर कमी असते, आंबट असली तर कितीही खा. खरं काय? (एक वाचक, नाशिक)

ग्लुकोजला जुन्या मराठी पुस्तकांत ‘द्राक्षशर्करा’ म्हणत, आणि ते नाव योग्यच आहे. पिकलेल्या द्राक्षात १०० ग्रॅमला साधारण १६ ग्रॅम साखर असते. त्यातली जवळपास निम्मी ग्लुकोज, निम्मी फलशर्करा म्हणजे फ्रुक्टोज. चोथा १ ग्रॅमसुद्धा भरत नाही. पेरूत तो ५ ग्रॅम असतो. त्यामुळे पेरू आणि द्राक्ष एकाच मापाने खाता येत नाहीत, पण म्हणून द्राक्ष बंद करायचं कारण नाही.

८० ग्रॅम द्राक्षांत सुमारे १४ ग्रॅम कर्बोदकं असतात. २० ग्रॅम कणकेच्या एका लहान फुलक्यातही तेवढीच असतात. हा हिशेब डोक्यात ठेवा आणि एकदा तरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ८० ग्रॅम मोजून बघा. थॉम्पसन किंवा तास-ए-गणेश या जातींचा बरा फुगलेला मणी ४ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे १८ ते २० मणी झाले. सोनाकासारखे लांबट, मोठे मणी असतील तर त्याहून कमी. मोजून वाटीत घ्या आणि घड परत फ्रिजमध्ये ठेवा. टीव्हीसमोर घड घेऊन बसलं की ४०० ग्रॅम कधी संपतात ते कळत नाही, आणि ४०० ग्रॅम म्हणजे ६०-६५ ग्रॅम साखर.

काळ्या द्राक्षांत साखर कमी नसते. शरद सीडलेस असो की थॉम्पसन, तोडणीच्या वेळी गोडी जवळपास सारखीच असते. काळा रंग सालीतल्या अँथोसायनिनचा. ते द्रव्य चांगलं, पण त्याने साखरेचं माप बदलत नाही. आंबटपणाचंही तसंच. जीभ साखर आणि आम्ल यांचा तोल चाखते. टार्टारिक आणि मॅलिक आम्ल जास्त असलं की १६ ग्रॅम साखर असूनही द्राक्ष आंबट लागतं. खरोखर कच्च्या द्राक्षात साखर कमी असते, पण ती कोणी आवडीने खात नाही.

कधी खायची, हे कितीइतकंच महत्त्वाचं आहे. भात-पोळी झाल्यावर वर द्राक्षं खाल्ली की दोन जेवणांची साखर एकावर एक चढते. त्याऐवजी सकाळी ११ ला किंवा संध्याकाळी ५ ला, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांसोबत किंवा फुटाण्यांसोबत खा. जेवणातच हवी असतील तर एक फुलका कमी करा. मग स्वतःच्या शरीराला विचारा: खाण्याआधी एकदा आणि खायला सुरुवात केल्यापासून २ तासांनी एकदा साखर तपासा. फरक ४०-५० च्या आत असेल तर ते माप तुम्हाला मानवलं. जास्त असेल तर मणी कमी करा. वेगवेगळ्या दिवशी तीनदा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांची वर्षानुवर्षांची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात द्राक्षं, ब्लूबेरी आणि सफरचंद आख्खं फळ म्हणून खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह होण्याचं प्रमाण कमी आढळलं, आणि फळांचा रस पिणाऱ्यांत जास्त. ही निरीक्षणं मधुमेह नसलेल्या लोकांची आहेत, त्यामुळे द्राक्षाला औषध समजू नका. पण रस आणि फळ यांतला फरक लक्षात ठेवा. २०० मिलिलिटर द्राक्षरसात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि तो दोन मिनिटांत पोटात जातो. घरी काढला, साखर घातली नाही, तरी तेच.

प्रश्न : माझी स्वतःची द्राक्षबाग आहे, इन्शुलिन घेतो. हंगामात बागेतच असतो. परवा दुपारी बोट टोचलं तर यंत्रात ३१२ आलं. घाबरून तासाभरात लॅबमध्ये रक्त दिलं, तिथे १६४. यंत्र बिघडलं का? आणि गोडी बघायला दिवसभर मणी तोंडात टाकावेच लागतात, त्याचं काय करू? (एक बागायतदार, तासगाव तालुका)

यंत्र बहुधा ठीक आहे, बोटाला द्राक्षाचा रस लागलेला होता. हा प्रश्न द्राक्षपट्ट्यातल्या प्रत्येकाने वाचावा, कारण या एका चुकीने माणूस दवाखान्यात जाऊ शकतो.

हिशेब बघा. द्राक्षरसात १०० मिलिलिटरला साधारण ८ ग्रॅम ग्लुकोज असतं. ग्लुकोमीटरच्या भाषेत ते ८,००० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. तुमच्या रक्तात १६४. पट्टी जेमतेम अर्धा ते एक मायक्रोलिटर रक्त ओढते. त्या इवल्याशा थेंबात शंभरातले दोन भाग जरी रसाचे मिसळले, तरी आकड्यात १६० ची भर पडते. वाळलेला रस दिसत नाही, बोट फक्त किंचित चिकट लागतं.

जपानी डॉक्टरांनी २०११ मध्ये हाच प्रयोग केला होता. लोकांना द्राक्ष, संत्रं, किवी सोलायला दिलं आणि मग बोटातून साखर मोजली. हात न धुता घेतलेले आकडे खूपच चढे आले. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवूनही आकडा फुगलेलाच राहिला. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र खरा आकडा आला. स्पिरिटने जंतू जातात, साखर नीट विरघळत नाही.

म्हणून बागेत पाण्याची बाटली आणि स्वच्छ फडकं ठेवा. ज्या बोटातून रक्त घ्यायचं ते आणि त्याच्या शेजारची बोटं साध्या पाण्याने चोळून धुवा आणि पूर्ण कोरडी करा. ओल्या बोटाने रक्त पातळ होऊन आकडा उलट कमी येतो. बोटाच्या टोकाच्या बाजूला टोचा. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. पट्टीच्या डबीत चिकट बोट घालू नका, डबी उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मन मानत नसेल असा आकडा आला की परत हात धुवून पुन्हा मोजा. तुम्ही इन्शुलिन घेता. ३१२ खरं मानून जादा युनिट टोचली असती, तर १६४ ची साखर दोन-तीन तासांत धोक्याच्या खाली गेली असती, तीही भर उन्हात, बागेत एकटे असताना.

आता चाखण्याचं. मण्यांत पाणी उतरल्यापासून, म्हणजे ते मऊ पडून गोडी भरू लागल्यापासून, तोडणीपर्यंत रोज ५० मणी तोंडात गेले तर २०० ग्रॅम द्राक्षं होतात, म्हणजे ३२ ग्रॅम साखर, आणि ती खाण्याच्या नोंदवहीत कुठेच नसते. गोडी पाहायला ब्रिक्स मीटर वापरा. काचेवर दोन थेंब रस पिळा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचा. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात १८ ग्रॅम विरघळलेले घटक, त्यातली बहुतेक साखरच. वेलीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या घडातले मणी एकत्र चुरगळून घेतले तर एका मण्याच्या चवीपेक्षा ते मोजमाप व्यापाऱ्यालाही जास्त पटतं. दिवसाला पाच-सहा मणी चाखलेत तर काही बिघडत नाही.

प्रश्न : सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह. हिमोग्लोबिन ९.८ आलं म्हणून रोज २० काळे मनुके रात्री भिजवून सकाळी खातात, वरचं पाणीही पितात. भिजवल्याने साखर निघून जाते असं त्यांचं म्हणणं. (एक वाचक, सोलापूर)

साखर निघून कुठेही जात नाही. थोडी पाण्यात उतरते आणि ते पाणी सासूबाई पितात. बिया असलेल्या २० काळ्या मनुक्यांत १५ ग्रॅमच्या पुढे साखर आहे, तीही सकाळी रिकाम्या पोटी.

सुमारे ४ किलो द्राक्षं वाळवली की १ किलो बेदाणा होतो. सांगली-तासगावकडे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, त्याने सालीवरचं मेण सैल होतं. मग शेडमधल्या जाळ्यांवर दोन आठवडे सुकवतात. त्यात वरून साखर घालत नाहीत, फक्त पाणी जातं. पण पाणी गेल्यामुळे ४० ग्रॅम बेदाणे, म्हणजे एक छोटी मूठ, हे १६० ग्रॅम द्राक्षांच्या बरोबरीचे होतात. तेवढी द्राक्षं खाताना पोट थोडं तरी भरतं, बेदाणे चालता-बोलता संपतात. मधुमेहात बेदाण्याचं माप ८-१० दाणे, तेही दुसऱ्या पदार्थात. उपम्यात किंवा कोशिंबिरीत चार दाणे पडले तर ठीक. शिऱ्यात, श्रीखंडात ते साखरेवर साखर असतात.

लोहाचं बोलायचं तर १०० ग्रॅम मनुक्यांत साधारण २ मिलिग्रॅम लोह असतं. वीस मनुक्यांतून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही आणि त्यातलंही थोडंच शोषलं जातं. ९.८ हिमोग्लोबिन त्याने वर येणार नाही. आधी ते कमी का आहे ते शोधायला हवं. बारा वर्षं मधुमेह आणि बहुधा मेटफॉर्मिनची गोळी. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांत बी१२ कमी होतं, त्यानेही रक्त घटतं आणि पायाला मुंग्या येतात. त्या मुंग्या मधुमेहाच्या म्हणून सोडून दिल्या जातात. मूत्रपिंडं थकली तरी हिमोग्लोबिन उतरतं. म्हणून बी१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) या तीन तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं आणि पोटॅशियमही चढं असलं तर मनुके बंदच करा: १०० ग्रॅमला ७०० मिलिग्रॅमहून जास्त पोटॅशियम त्यात असतं. ताज्या द्राक्षात २०० च्या आत.

प्रश्न : वय ५४, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी चालू. मित्रमंडळी म्हणतात, रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला आणि साखरेला चांगली. २०२२ मध्ये किराणा दुकानात वाइन ठेवण्याचा विषय निघाला तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असंही ऐकलं होतं. सुरू करू का? (एक वाचक, पुणे)

सुरू करू नका.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. त्यावरच्या वादात बागायतदारांच्या बाजूने बरंच बोललं गेलं. द्राक्षाला भाव मिळावा हे खरंच, पण तुमच्या यकृताला उत्पादक कोण आहे ते कळत नाही. १३ टक्क्यांची १५० मिलिलिटर वाइन घ्या. त्यात १५ ग्रॅम मद्यार्क असतो. ३० मिलिलिटर व्हिस्कीत १०. म्हणजे वाइनचा एक ग्लास हा व्हिस्कीचा दीड छोटा पेग. ३३० मिलिलिटरच्या साध्या बिअरमध्ये १३. आणि घरचा पेला बहुतेक वेळा २०० ते २५० मिलिलिटरचा असतो. एकदा त्यात मापाने १५० मिलिलिटर पाणी ओतून बघा. ७५० ची बाटली पाच ग्लासांची असते, तिघांत संपली तर कोणीच ‘एक ग्लास’ घेतलेला नसतो.

‘हृदयाला चांगली’ ही गोष्ट १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवर झालेल्या एका कार्यक्रमापासून पसरली: फ्रेंच लोक लोणी खातात, वाइन पितात, तरी त्यांना हृदयविकार कमी. नंतर श्रेय सालीतल्या रेस्व्हेराट्रॉलला दिलं गेलं. ज्या प्रयोगांत त्या द्रव्याची चाचणी झाली त्यांत माणसांना शेकडो मिलिग्रॅम दिलं होतं. रेड वाइनच्या एका ग्लासात ते १ मिलिग्रॅमच्या आतबाहेर असतं. सालीसकट द्राक्ष खाऊन तेच द्रव्य मद्यार्काविना मिळतं, फार नाही, पण वाइनमध्येही फार नसतंच.

मधुमेहावर नेमका झालेला एक चांगला प्रयोग इस्रायलमधला आहे, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेह असलेल्या, आधी न पिणाऱ्या २२४ जणांना दोन वर्षं रात्रीच्या जेवणासोबत १५० मिलिलिटर रेड वाइन, व्हाइट वाइन किंवा नुसतं पाणी दिलं. सगळ्यांचं जेवण भूमध्यसागरी पद्धतीचं: भाज्या, कडधान्यं, ऑलिव्ह तेल. रेड वाइनच्या गटात चांगलं कोलेस्टेरॉल २ अंकांनी वाढलं. साखरेवरचा परिणाम छोटा होता आणि मद्यार्क पचवणारं विकर कुणाचं जनुकाने मंद, कुणाचं वेगवान, यावर अवलंबून होता. ही मंडळी डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजून, जेवताना घेत होती. मित्रांच्या बैठकीतली वाइन तशी घेतली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्यार्काचं निर्धोक असं कोणतंही प्रमाण नाही. कर्करोगाचा धोका पहिल्या थेंबापासून धरला जातो. दोन अंकांच्या कोलेस्टेरॉलसाठी तो पत्करण्यात अर्थ नाही. जेवणानंतर अर्धा तास चाललात तर साखरेला त्याहून जास्त फायदा होईल.

प्रश्न : मी आधीपासूनच महिन्यातून एक-दोनदा वाइन घेतो. गेल्या वेळी झोपताना साखर १९०, पहाटे घामाने जाग आली तेव्हा ५८. वाइन गोड असते ना, मग साखर उतरली कशी? हीच गोळी (ग्लिमेपिराइड) मलाही चालू आहे. (एक वाचक, ठाणे)

बरं झालं विचारलंत. वाइन आणि मधुमेह म्हटलं की सगळे साखर चढण्याला घाबरतात. खरा धोका बहुतेक वेळा उतरण्याचा असतो.

वाइन बनताना यीस्ट द्राक्षातली साखर खातं आणि तिचा मद्यार्क करतं. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर संपली की १ टक्का मद्यार्क तयार होतो. २२-२३ ब्रिक्सच्या द्राक्षाची ड्राय वाइन १३ टक्क्यांची होते ती अशी, आणि साखर लिटरला ४ ग्रॅमच्याही आत उरते. एका ग्लासात अर्धा-पाऊण ग्रॅम. म्हणजे साखर जवळजवळ संपलेली, मद्यार्क मात्र पूर्ण.

रात्री आपण जेवत नाही, तरी साखर शून्यावर जात नाही, कारण यकृत रात्रभर रक्तात ग्लुकोज सोडत असतं: काही साठवणीतलं, काही नव्याने तयार केलेलं. मद्यार्क आला की यकृत आधी तो निस्तरतं. तासाला ७ ते १० ग्रॅम एवढाच त्याचा वेग. दोन मोठे ग्लास, म्हणजे ४५ ग्रॅम मद्यार्क, संपायला पाच-सहा तास जातात. त्या वेळात नवं ग्लुकोज तयार करण्याचं काम जवळपास थांबतं. इकडे ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतच राहतं, त्याचा अंमल दिवसभर टिकतो. शिवाय पार्टीत पोळी-भात बाजूला राहतो आणि माणूस कबाब, सॅलड, पनीर टिक्क्यावर भागवतो, म्हणजे कर्बोदकं नाहीतच. तुमचे १९० हे आधीच्या खाण्याचे होते. ते उतरल्यावर पहाटे भर घालणारं कोणी उरलं नाही. हा परिणाम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही राहू शकतो, विशेषतः सकाळी नाश्ता टाळून फिरायला गेलात तर.

हा धोका ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्शुलिन घेणाऱ्यांना सर्वांत जास्त. नुसतं मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन घेणाऱ्यांना कमी. पण मेटफॉर्मिनवर असताना खूप पिणं रक्तात लॅक्टिक आम्ल साठवू शकतं, मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर अधिकच. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी न जेवता पिणं तर अजिबातच टाळावं: त्यांत साखर फारशी चढलेली नसतानाही रक्तात कीटोन आम्लं वाढण्याचा धोका असतो. उलट्या, पोटदुखी, धाप लागली की ‘काल जास्त झाली’ म्हणून झोपून राहू नये.

तरीही घेणारच असाल तर:

आधी डॉक्टरांना खरं सांगा, त्या रात्रीच्या गोळीचं किंवा इन्शुलिनचं काय करायचं ते विचारून ठेवा. साखर १०० च्या खाली असताना ग्लास हातात घेऊ नका. एक ग्लास, १५० मिलिलिटर, तोही जेवताना, ताटात भाकरी, पोळी किंवा भात असताना. चिवडा आणि शेंगदाणे म्हणजे जेवण नव्हे. त्या दिवशी जिम किंवा लांबचं चालणं झालं असेल तर वाइन नको. दोन्हींनी साखर उतरते. झोपण्याआधी मोजा. १०० च्या आत असेल तर दूध आणि एक पोळी खाऊन झोपा. १०० ते १५० असली तरी पहाटे ३ चा गजर लावून एकदा मोजा. सकाळचा नाश्ता चुकवू नका. गाडी चालवू नका.

सोबत असणाऱ्या एकाला तरी सांगून ठेवा की तुम्हाला मधुमेह आहे. अडखळत बोलणं, घाम, हात थरथरणं, चिडचिड ही लक्षणं साखर उतरल्यावरही होतात आणि जास्त प्यायल्यावरही. तोंडाला वास आला की लोक ‘झोपू द्या त्याला’ म्हणतात, आणि तीच चूक जिवावर बेतते. शंका आली की बोट धुवून मोजायचं. यंत्र नसेल तर उतरलीच आहे असं धरून उपाय करायचा.

७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर चहाचे ३-४ चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी मोजा, वर आली नसेल तर परत द्या. मग पोळी-दूध. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धाने साखर उशिरा चढते. व्होग्लिबोस किंवा अकार्बोस चालू असेल तर घरची साखर उपयोगी पडत नाही, कारण ती फोडणारं विकरच त्या गोळीने रोखलेलं असतं, ग्लुकोजच हवं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन घरी असेल तर द्या, पण त्यावर विसंबू नका: ते यकृतातली साठवण बाहेर काढतं, आणि प्यायल्यावर, उपाशीपोटी ती आधीच आटलेली असू शकते. ग्लिमेपिराइडने उतरलेली साखर एकदा वर आणली तरी काही तासांनी पुन्हा उतरते, म्हणून दवाखान्यातून लगेच घरी जायची घाई करू नका.

पायाच्या नसा दुखावलेल्या, ट्रायग्लिसराइड खूप चढलेले, फॅटी लिव्हर, पूर्वी स्वादुपिंडाला सूज आलेली, गरोदरपण, किंवा साखर उतरलेली ज्यांना कळतच नाही असे, यांनी एक ग्लासही घेऊ नये. पहाटे घामाने जाग आली हे तुमच्या बाबतीत चांगलं लक्षण आहे. सगळ्यांनाच येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे नाताळात पोर्ट वाइन सगळे घेतात, गोड असते. ड्राय, सेमी-ड्राय, लेट हार्वेस्ट यांत साखर किती? (एक वाचक, मडगाव)

ढोबळ माप असं: ड्रायमध्ये लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर, म्हणजे ग्लासात अर्धा ग्रॅम. सेमी-ड्रायमध्ये १२ पर्यंत. त्याच्या पुढची गोडसर वाइन ४५ पर्यंत जाते, म्हणजे ग्लासात ७ ग्रॅम. त्यावर गोड वाइन. लेट हार्वेस्ट म्हणजे द्राक्षं वेलीवर जास्त पिकू देऊन, साखर पूर्ण न संपवता केलेली, ती गोडच. नाशिककडची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइनही बरेचदा थोडी गोडसर ठेवलेली असते. ‘व्हाइट’ म्हणजे कमी साखर असं धरू नका.

पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टमध्ये आंबवणं अर्ध्यात असताना द्राक्षाची ब्रँडी ओततात. यीस्ट मरतं, साखर तशीच राहते. मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास आणि साखर लिटरला १०० ग्रॅमच्या घरात. ती ६०-७० मिलिलिटरच्या छोट्या ग्लासातून पितात. गोव्यात पोर्ट म्हणून मिळणाऱ्या बहुतेक बाटल्याही गोड असतात, आणि त्या मोठ्या ग्लासातून प्यायल्या जातात. लिटरला १०० ग्रॅमच्या हिशेबाने १५० मिलिलिटरमध्ये १५ ग्रॅम साखर, तीन चमचे. साखर आधी चढते, मद्यार्कामुळे पहाटे उतरते. सोबत बेबिंका, दोदोल, नेवऱ्या ही गोव्याची पक्वान्नं. नाताळात त्यातलं एकच निवडा, आणि आमचं मत विचाराल तर बेबिंकेचा पातळ तुकडा निवडा.

सांग्रिया या फळं घातलेल्या वाइनमध्ये रस आणि साखर दोन्ही असतं. ‘नॉन-अल्कोहोलिक’ बाटलीत बहुतेकदा नुसता द्राक्षरस आणि वायू असतो. मागचं लेबल वाचा: कर्बोदकं १०० मिलिलिटरला १२-१५ ग्रॅम असतील तर ते सरबतच आहे.

प्रश्न : भूक लागावी म्हणून द्राक्षासव सुरू केलं आहे. आयुर्वेदिक आहे, मधुमेहात चालतं ना? (एक वाचक, कोल्हापूर)

आसव-अरिष्टं आंबवूनच बनतात. बाटलीवर ‘स्वयंनिर्मित मद्यार्क’ असं लिहिलेलं असतं, साधारण ५ ते १० टक्के. शिवाय करताना गूळ किंवा साखर घातलेली असते आणि ती सगळी आंबून संपत नाही. १५ मिलिलिटरच्या डोसात मद्यार्क थोडाच, पण दिवसातून दोनदा, महिनोन् महिने असेल तर साखरेच्या हिशेबात धरावा लागतो. ज्या वैद्यांनी दिलं त्यांना मधुमेह आणि चालू गोळ्या सांगा. स्वतःच्या मनाने दुकानातून आणलं असेल तर थांबवा. मधुमेहात भूक नव्याने मंदावली असेल तर तिचं कारण शोधायला हवं: मेटफॉर्मिनचा डोस वाढलेला असतो, जठराच्या नसा मंदावलेल्या असतात, कधी मूत्रपिंड.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची, टाइप १. मधल्या सुट्टीत मैत्रिणी द्राक्षं खातात, तिला फार आवडतात. देऊ का? (एक आई, सांगली)

जरूर द्या, मोजून. १०० ग्रॅम द्राक्षांत १७ ग्रॅम कर्बोदकं धरा. डॉक्टरांनी दिलेलं गुणोत्तर, समजा, १२ ग्रॅमला १ युनिट असेल तर जवळपास दीड युनिट. द्राक्षाची साखर लवकर चढते, म्हणून जलद इन्शुलिन खाण्याआधी १०-१५ मिनिटं घेतलेलं बरं. साखर आधीच ८० च्या आसपास असेल तर मात्र थांबायचं नाही, टोचून लगेच खायचं. सकाळी घरीच वजन करून डब्यावर पट्टी चिकटवा: ‘९० ग्रॅम, १५ कर्ब’. अर्धी उरली तर तिने ती परत आणायला हवी, मैत्रिणीला देऊन टाकली तर घेतलेलं इन्शुलिन जास्त होईल. हे तिला आणि वर्गशिक्षिकांना दोघींनाही सांगून ठेवा. डब्यासोबत ओल्या फडक्याची पिशवी द्या, आणि साखर मोजायची असेल तर आधी नळाखाली हात.